त्रिनिदादमध्ये कोठे जेवावे, आणि केव्हा

कॅरिबियन बेटांवरील सुटी म्हटली की बार्बाडोस, जमैका किंवा सेंट लूशिया यांचे किनारे डोळ्यांसमोर येतात. तेथील अनेक मोठी हॉटेले निवास आणि जेवण यांचे पैसे एकदमच घेतात. पाहुणा मनगटाला पट्टी बांधून आठवडाभर त्याच आवारात वावरतो, तेथेच जेवतो आणि बेटावरील माणसे घरी काय शिजवतात हे न कळताच परततो. भारतातून गेलेल्या शाकाहारी प्रवाशाची अवस्था त्याहून बिकट होते. उकडलेले बटाटे, पाव आणि कलिंगडाच्या फोडी यांवर चार दिवस काढल्यावर बॅगेतील खाकऱ्यांचा हिशेब सुरू होतो.

ज्याला या समुद्रात खरोखर चांगले जेवायचे आहे, त्याने त्रिनिदाद निवडावे. आकाराने हे बेट गोव्याहून थोडे मोठे आहे. टोबॅगो हे जोडबेट धरूनही देशाची लोकसंख्या गोव्याएवढीच, म्हणजे सुमारे चौदा लाख. व्हेनेझुएलाचा किनारा येथून जेमतेम अकरा किलोमीटरवर आहे. इतर बेटांशी तुलना करता मोठा फरक हा की त्रिनिदादचा संसार पर्यटनावर चालत नाही. तो खनिज तेल आणि नैसर्गिक वायूवर चालतो. त्यामुळे पाहुण्यांच्या जिभेसाठी पदार्थ सौम्य करण्याची वेळ या बेटावर फारशी आली नाही. येथील उत्तम स्वयंपाक हा स्थानिक माणसासाठी, त्याच्या खिशाला परवडेल असा, बहुधा रस्त्याच्या कडेला होतो.

म्हणूनच ‘कोठे जेवावे’ या प्रश्नाचे उत्तर येथे पत्त्याने देऊन भागत नाही. कोणता पदार्थ दिवसाच्या कोणत्या प्रहरी आणि आठवड्याच्या कोणत्या वारी मिळतो, हे ठाऊक असावे लागते. सकाळी दहानंतर उठणाऱ्याला चांगले डबल्स मिळेलच असे नाही आणि रविवारी दुपारी पोर्ट ऑफ स्पेनच्या मध्यवस्तीत रोटीचे दुकान शोधणाऱ्याच्या वाट्याला बहुधा बंद दारे येतात.

सकाळ : डबल्स

दिवसाचा आरंभ डबल्सने करावा. मैदा, हळद, जिरे आणि यीस्ट यांच्या सैलसर पिठाचे तळहाताएवढे पातळ तुकडे तेलात क्षणभर तळले जातात. त्यांना ‘बारा’ म्हणतात. हा शब्द भोजपुरीतील ‘बरा’, म्हणजे आपला वडा. दोन बारांवर काबुली चण्यांची पातळसर आमटी, वर चिंचेची चटणी, काकडीचा कीस, कैरीचा ‘कुचेला’ आणि मिरचीचा ठेचा घालून विक्रेता कागदाची पुडी एका झटक्यात पीळ देऊन हातात ठेवतो. खायचे ते उभ्यानेच, बोटांनी, आणि सदरा सांभाळून.

हा पदार्थ भारतातून आलेला नाही. त्याचा जन्म बेटाच्या दक्षिण भागातील प्रिन्सेस टाउन येथे १९३६ साली झाला आणि त्याचे श्रेय मामू दीन व त्यांच्या पत्नी रसूलन यांना दिले जाते. प्रारंभी एकाच बारावर चणे मिळत. गिऱ्हाइके दुसरा बारा मागू लागली, दोन मागण्याचा शब्द रूढ झाला आणि तेच पदार्थाचे नाव ठरले. आज कारखान्यातला कामगार, न्यायालयात निघालेला वकील आणि रात्रपाळी संपवून परतणारी परिचारिका एकाच गाडीपुढे उभी असतात. कोणत्याही वंशाच्या वा धर्माच्या माणसाला त्यात परके वाटत नाही. त्यात मांस नाही, दूध नाही, अंडेही नाही. शाकाहारी प्रवाशाला याहून निर्धास्त न्याहारी कॅरिबियनमध्ये सापडणे कठीण.

गाडीपुढे उभे राहिल्यावर विक्रेता एकच प्रश्न विचारतो: मिरची किती? ‘स्लाइट’ म्हणजे किंचित, ‘मीडियम’ म्हणजे मध्यम, ‘विदाउट’ म्हणजे मुळीच नको. आपण तिखट खाणारे आहोत या भरवशावर भारतीय पाहुणा ‘हेवी’ म्हणून जातो आणि पस्तावतो. येथील मिरची लवंगीच्या जातीची नव्हे. दक्षिणेकडील मोरुगा परिसराच्या नावाची ‘स्कॉर्पियन’ मिरची २०१२ साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथील मिरची संशोधन संस्थेने तोवर मोजलेल्या मिरच्यांत सर्वांत तिखट ठरवली होती. गाडीवरच्या ठेच्यात तीच असते असे नाही. पण तिच्या भाऊबंदांपैकी कोणी तरी असतेच. पहिल्या दिवशी ‘स्लाइट’ म्हणण्यात कमीपणा नाही.

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये सेंट जेम्स आणि वुडब्रुक या वस्त्यांत, तसेच पूर्वेकडे क्युरेपच्या चौकात सकाळी गाड्या लागतात. कोणत्या गाडीवर थांबावे यासाठी फार चौकशी नको: जेथे मोटारी वेड्यावाकड्या उभ्या आहेत आणि बारा थेट कढईतून टोपलीत पडत आहेत, तेथे थांबावे. सुटे पैसे जवळ असावेत. कार्ड दाखवणाऱ्याकडे विक्रेता करुणेने पाहतो.

न्याहारीचा दुसरा मार्ग ‘सादा रोटी’चा. तव्यावर भाजलेली, फुगवलेली जाडसर रोटी आणि तिच्यासोबत ‘चोका’. वांगे विस्तवावर भाजून, सोलून, कुस्करून त्यावर लसणाची कडकडीत फोडणी ओतली की ‘बैंगन चोका’ तयार होतो. म्हणजे वांग्याचे भरीतच. टोमॅटोचाही असाच करतात. फोडणी देण्याच्या क्रियेला येथील इंग्रजीत ‘चुंके’ म्हणतात. ज्या कुटुंबांत भोजपुरी बोलणारे कोणी उरलेले नाही, तेथेही तवा, बेलना, गीरा, मसाला, अमचार हे शब्द स्वयंपाकघरात रोज उच्चारले जातात.

दुपार : रोटीचे दुकान

या शब्दांमागे मोठा इतिहास आहे. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३० च्या दशकात संपल्यावर उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज दोनशेहून अधिक भारतीयांना घेऊन त्रिनिदादला पोचले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजारांहून अधिक माणसे पाच वर्षांच्या करारावर आली. बहुतेक जण कोलकात्याहून निघालेले, बिहार व उत्तर प्रदेशातले, काही मद्रासहून. मॉरिशसप्रमाणे येथे मराठी वस्ती झाली नाही, त्यामुळे मराठी आडनावे शोधू नयेत. आज देशातील सुमारे ३५ टक्के लोक या मजुरांचे वंशज आहेत आणि ३० मे हा सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

मळ्यावर शिधा मिळे तो तांदूळ, डाळ, तेल, हळद असा. त्या मोजक्या जिनसांतून ‘दालपुरी’ टिकली आणि बदलली. पिवळ्या वाटाण्याची डाळ शिजवून, जिरे-लसूण घालून कोरडी वाटायची, कणकेच्या उंड्यात भरायची आणि मोठ्या तव्याएवढी पातळ लाटायची. मराठी माणसाला ती पाहताक्षणी पुरणपोळी आठवते, आणि पहिल्या घासाला गुळाची वाट पाहणारी जीभ गोंधळते. ही पोळी रस्सा आणि बटाटे पोटात घेऊन पाकिटासारखी दुमडली जाते. आत कोंबडी, बकरा, कोळंबी किंवा नुसते चणे-बटाटे. बकऱ्याच्या रोटीत हाडे असतात. त्याबद्दल तक्रार करणारा माणूस परका, हे दुकानदार ओळखतो.

दुसरा प्रकार ‘बस-अप-शट’. तेल-तूप लावून पदर सोडलेला पराठा तव्यावरच लाकडी उलथण्यांनी बडवून मोकळा करतात. त्या चिंध्या पाहून कोणाला तरी फाटका सदरा आठवला आणि इंग्रजीतील ‘फाटलेला शर्ट’ या शब्दांचे त्रिनिदादी उच्चारात हे नाव झाले. रस्सा वेगळा घेऊन, हाताने, बसून खायचा हा पदार्थ आहे. दालपुरी प्रवासाची, बस-अप-शट पंगतीचा.

पोर्ट ऑफ स्पेनमध्ये ट्रॅगरेट रोडवरील ‘पतराज’ हे रोटीचे जुने, माहीतगार लोकांच्या तोंडी असलेले दुकान. परंतु रोटीचे खरे राज्य मध्य आणि दक्षिण त्रिनिदादचे. चग्वानास ओलांडून सॅन फर्नांडोकडे निघाले की जवळपास प्रत्येक गावात एक दुकान असे भेटते, ज्याच्याबद्दल गावकरी शपथेवर बोलतात. दुकाने सकाळी लवकर उघडतात आणि दोनच्या पुढे चांगले पर्याय संपू लागतात.

शाकाहारी प्रवाशाने येथे मोकळेपणाने ‘नुसत्या भाज्यांची रोटी’ मागावी: भोपळा, ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगा, ‘भाजी’ म्हणजे पालेभाजी, आणि आंबट-गोड कैरी. भारतीय वंशाच्या हिंदू घरांत उपासतापास पाळले जातात, त्यामुळे ही मागणी कोणाला चमत्कारिक वाटत नाही. मुस्लिमांच्या दुकानांवर हलालची पाटी असते. मात्र बाकीच्या खाद्यपदार्थांबाबत विचारून घ्यावे. हिरव्यागार ‘कलालू’त खेकडा किंवा खारवलेले डुकराचे मांस असू शकते, आणि मॅकरोनी पायमध्ये अंडे असतेच. रास्ताफारी पंथाचे लोक चालवतात ती ‘आयटल’ भोजनालये मांसविरहित असतात; तेथे नारळाच्या दुधातील कडधान्ये आणि कंद उत्तम मिळतात.

देबेचा रस्ता

एका सायंकाळसाठी दक्षिणेकडे जावे. पोर्ट ऑफ स्पेनहून सॅन फर्नांडोपर्यंत जलमार्गाने ‘वॉटर टॅक्सी’ जाते, रस्त्याने मॅक्सी टॅक्सी. सॅन फर्नांडोच्या पलीकडे देबे हे छोटे गाव आहे आणि त्याच्या हमरस्त्यालगत तळणाच्या दुकानांची ओळ आहे. बेटाच्या उत्तर टोकाहून लोक केवळ यासाठी येतात.

येथील ‘सहीना’ गोवा-कोकणातील माणसाने चुकवू नये. अळूच्या पानांना डाळीचे पीठ फासून, गुंडाळून, कापून तळलेला हा पदार्थ म्हणजे अळूवडीची सख्खी बहीण. फरक एवढाच की येथे तो मधोमध चिरून त्यात चणे आणि कैरीची चटणी भरतात, आणि मग ती बहीण थोडी उच्छृंखल होते. सोबत ‘फुलौरी’ ही डाळीच्या पिठाची भजी, कचोरी, बटाटा भरलेला लांबट ‘आलू पाय’. प्लास्टिकच्या खुर्च्या, धूळ आणि मोटारींचे भोंगे यांची तयारी असावी.

क्रेओल ताट

भारतीय पदार्थांपुरतेच थांबणे हा मोठा तोटा ठरेल. आफ्रिकी, फ्रेंच, स्पॅनिश, चिनी आणि सिरियन-लेबनीज लोकांनी हे बेट घडवले. पोर्ट ऑफ स्पेनच्या धक्क्यालगत राइटसन रोडवर ‘ब्रेकफास्ट शेड’ नावाची जागा आहे. नाव न्याहारीचे असले तरी दुपारचे जेवण येथे घ्यावे. एकेका गाळ्यावर एकेक अनुभवी बाई उभी असते आणि ताटात मसाल्यात शिजवलेला मासा, लाल सोयाबीन वाटावे असे भरडे राजमे, उकडलेले कंद, मॅकरोनी पाय आणि कलालू येते.

कलालू म्हणजे अळूची पाने, भेंडी, भोपळा आणि नारळाचे दूध एकत्र शिजवून घोटलेले कालवण. लग्नाच्या पंगतीतले अळूचे फदफदे ज्याने मनापासून खाल्ले आहे, त्याला ते समजावून सांगण्याची गरज नाही. ‘पेलाव’ हे नाव पुलावाचे, पण रीत आफ्रिकी-क्रेओल: साखर तेलात जवळजवळ जळेपर्यंत तांबूस करून तिच्यात कोंबडी परतायची, मग तांदूळ, तुरीचे ओले दाणे आणि नारळाचे दूध. या सगळ्यांत एक वास सतत येतो, कोथिंबिरीसारखा पण अधिक उग्र. तो ‘शॅडो बेनी’चा, काटेरी कडांच्या लांब पानांची ही वनस्पती येथील प्रत्येक वाटणात असते.

चिनी दुकानातील तळलेली कोंबडी मिरचीच्या सॉससह खावी आणि पुढे जावे. नूडल्समध्ये विशेष काही नाही.

रविवार, समुद्र आणि शार्क

रविवारी सकाळी शहर उत्तरेच्या डोंगरातून वळणे घेत मराकस किनाऱ्याकडे निघते. तेथील ‘बेक अँड शार्क’ प्रसिद्ध आहे. ‘बेक’ नावाचा पाव प्रत्यक्षात तळलेला असतो. त्यात तळलेल्या मुशीचा तुकडा घालून पुढे मांडलेल्या वाट्यांतून गिऱ्हाइकाने स्वतः चटण्या घ्यायच्या: चिंच, लसूण, शॅडो बेनी, अननस, मिरची. ‘रिचर्ड्स’ हा गाळा सर्वांत गाजलेला; शेजारचे गाळेही वाईट नाहीत.

मात्र शार्कच्या अनेक जाती जगभर झपाट्याने घटत आहेत, आणि पावात तळून आलेला तुकडा कोणत्या जातीचा हे खाणाऱ्याला कळत नाही. बहुतेक गाळ्यांवर ‘किंगफिश’ही मिळतो. किंगफिश आणि ‘कराइट’ हे येथील दोन्ही मासे आपल्या इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्याच कुळातले. गोमंतकीय जिभेला तर तेच अधिक रुचतील. चवीचे बरेचसे श्रेय चटण्यांचे असल्याने शार्क वगळून काही बिघडत नाही.

रविवारचा दुसरा सोहळा निमंत्रणाशिवाय मिळत नाही. कौरासारख्या नदीकाठी मोठे पातेले, बदक आणि मसाला घेऊन कुटुंबे दिवस घालवतात. विनाकारण जमून गप्पा मारण्याला येथे ‘लाइमिंग’ म्हणतात आणि ती गंभीरपणे पाळली जाणारी गोष्ट आहे. हॉटेलातील कर्मचारी, टॅक्सीचालक यांच्याशी ओळख झाली आणि त्यांनी बोलावले, तर जावे. बदकाचा रस्सा दुकानातही मिळतो, पण लाकडाच्या धुरावाचून तो अपुरा वाटतो.

रात्र

सायंकाळी क्वीन्स पार्क सव्हाना या विस्तीर्ण मैदानाच्या कडेला शहाळी, मक्याचे डाळ घातलेले सूप आणि फळांचा ‘चाव’ मिळतो. अननस किंवा कैरी मीठ, लसूण, शॅडो बेनी आणि मिरची लावून खातात; शाळेच्या फाटकाबाहेरची कैरी-तिखट-मीठ आठवावी. आरिअपिटा अव्हेन्यूवर टेबलखुर्चीची उपाहारगृहे आहेत. वातानुकूलित जागेत बसून जेवायचे असेल तर तेथे जावे, पैसे भरपूर लागतील.

सेंट जेम्सची वेस्टर्न मेन रोड उशिरापर्यंत जागी असते. सिरियन-लेबनीज पद्धतीचे ‘जायरो’, रोटी, सूप असे सगळे एका रांगेत. या वस्तीतील गल्ल्यांची नावे बॉम्बे, मद्रास, कलकत्ता, दिल्ली, लखनौ अशी आहेत, आणि नेपॉल स्ट्रीटवरील एका घरात व्ही. एस. नायपॉल यांच्या किशोरवयाची काही वर्षे गेली. एक सूचना येथेच द्यायला हवी: अलीकडच्या वर्षांत देशात गुन्हेगारी हा चिंतेचा विषय आहे. रात्री पायी भटकू नये, ओळखीच्या टॅक्सीने जावे, खाऊन त्याच गाडीने परतावे.

सणांचे दिवस

शाकाहारी कुटुंबाने दौरा दिवाळीच्या सुमारास आखावा. चग्वानास येथे दिवाळीपूर्वीच्या रात्रींत ‘दिवाळीनगर’ भरते. तेथे अन्न शाकाहारीच असते आणि मद्याला मज्जाव असतो. पूजा व लग्नांच्या पंगती ‘सोहारी’च्या रुंद पानांवर वाढतात: भात, डाळ, चणे-बटाटे, भोपळा, कैरी, आणि ‘कटहर’. फणसाचे नाव घेतलेली ही भाजी फणसाच्या एका लहान नातलगाची आहे.

नाताळात चित्र बदलते. लाल अंबाडीच्या बोंडांचे गडद सरबत, केळीच्या पानात उकडलेले मक्याचे ‘पास्तेल’, मद्यात मुरवलेल्या फळांचा काळा केक. आणि ‘गार्लिक पोर्क’: एकोणिसाव्या शतकात मदेरा बेटावरून आलेल्या पोर्तुगीजांचा, डुकराचे मांस शिरका व लसणात मुरवून तळण्याचा प्रकार. हेच मूळ पोर्तुगीज नाव गोव्यात येऊन ‘विंदालू’ झाले. गोव्याने त्यात मिरची आणि मसाले घातले. त्रिनिदादने ते जवळजवळ तसेच ठेवले. ज्या घरांत ते शिजते ती थोडी उरली आहेत, दुकानांत ते क्वचितच दिसते, त्यामुळे कोणी वाढले तर नाही म्हणू नये.

कार्निव्हलच्या दिवसांत मुक्काम महाग आणि मिळणे दुरापास्त होते. शिवाय गोव्याचा कार्निव्हल त्याच तिथींना असतो. गोमंतकीयाला दोन्ही एका वर्षी साधत नाहीत.

टोबॅगो

विश्रांती आणि निळे पाणी हवे त्याने शेवटचे दोन दिवस टोबॅगोला द्यावेत. विमानाने अर्ध्या तासाहूनही कमी वेळ लागतो; पोर्ट ऑफ स्पेनहून स्कारबरोला बोटही जाते. विमानतळापासून चालण्याच्या अंतरावर स्टोअर बे येथे बायकांच्या नावांचे गाळे आहेत: मिस ट्रिम, मिस जीन अशा. खेकड्याचा नारळातील रस्सा आणि पिठाचे चपटे ‘डंपलिंग’ हे त्यांचे वैशिष्ट्य. खेकडा कवचासकट येतो. चमचा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी भिडावे लागते. कॅस्टारा या कोळ्यांच्या गावात मातीच्या भट्टीत पाव भाजण्याची प्रथा अजून आहे. ऑक्टोबरमध्ये ‘ब्लू फूड’ महोत्सव असतो. शिजल्यावर निळसर दिसणाऱ्या अळूच्या कंदांचा, म्हणजे गोव्यात ज्यांना माडी म्हणतात त्यांचा, हा उत्सव. त्यांचे आइस्क्रीमसुद्धा करतात.

परतताना कुचेल्याची बाटली, मिरचीचा सॉस आणि अँगोस्टुरा बिटर्स बरोबर घेण्याजोगे आहेत. बिटर्सची चिमुकली बाटली सरबतात दोन थेंब टाकण्यासाठी असली तरी तिच्यात मद्याचे प्रमाण मोठे असते, हे वर्ज्य असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. भारतातून थेट विमान नसल्याने लंडन किंवा उत्तर अमेरिकेत विमान बदलावे लागते. तेथील तपासणीत सॉस आणि लोणचे हातातल्या पिशवीतून काढून घेतात. ते मोठ्या बॅगेतच, दोन पिशव्यांत घट्ट बांधून ठेवावे.